टेपचं दुसरं टोक

१

"मी टेप धरलीच नव्हती, वहिनी. किती वेळा सांगू?"

भावोजींनी हे चौथ्यांदा सांगितलं. मीही चौथ्यांदा सांगितलं की धरली होती, आणि चुकीची धरली होती. आमच्या मधे टेबलावर त्यांच्या गाडीचं मॉडेल दोन तुकड्यांत पडलं होतं. एक वरचं कवच, म्हणजे छप्पर, दारं आणि पाठ, घासून घासून काचेसारखं केलेलं, गडद लाल. दुसरी आतली तळफळी. तिच्यावर बाक, स्टिअरिंग, पेडलं, सगळं जागच्या जागी. कवच तळफळीवर उतरवलं की केसभरही फट न राहता बसायला हवं होतं. ते बसत नव्हतं. तळफळी आखूड पडली होती. कवचाच्या आत ती खुळखुळ्यासारखी वाजत होती, आणि तो आवाज ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

सून दाराशी उभी होती. तिने मधे तोंड घातलं. म्हणाली, आई, जाऊ द्या ना, वयाने होतं असं. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती पडदा सरळ करायला लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. येत्या रविवारी भावोजी नऊ वर्षांनी ती गाडी बाहेर काढणार होते. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती, इंजिन खोलून पुन्हा बांधून झालं होतं, गुडघ्यांची समजूत घालून झाली होती. या माणसाने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, कुठे नाव काढलं नाही. भंगारात पडलेला एका जुन्या गाडीचा सांगाडा विकत घेतला आणि अकरा वर्षं खपून त्याची हॉट रॉड, म्हणजे कापून-छाटून नुसती पळायला केलेली गाडी, बनवली, एवढंच केलं. गेला महिनाभर ते किल्ली खिशात घालून झोपत होते. रविवारचं नाव काढलं की चेहरा असा व्हायचा की मलाच लाज वाटावी.

आणि मी त्यांना खोटारडे म्हणत होते.

२

मला कुणी शिकवलेलं नाही. चाळीस वर्षं मी शिवणकाम केलं, तेही उसवलेले कपडे बघून बघून शिकले. हे गेल्यावर डोळे शिवणाला नको म्हणाले, म्हणून मॉडेलं करायला लागले. डोळे शिवणाला नको म्हणतात आणि एका केसाच्या ब्रशने मीटरवरचे आकडे काढायला हो म्हणतात, हे कसं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, शिवण लोकांचं होतं, हे माझं आहे.

आजवर सतरा केली. दोन आगगाडीची इंजिनं, एक दीपगृह, बाकी गाड्या. विकत आणलेला साचा मी वापरत नाही. चहाच्या गाळणीची जाळी रेडिएटरला लावते, जुन्या चपलेच्या तळव्याचे टायर कापते, हातमोज्याच्या कातड्याने बाक मढवते. माप मात्र माझं स्वतःचं. खरी गाडी समोर उभी करून एकेक माप घ्यायचं, वहीत लिहायचं, आठाने भागायचं. शिकलेली माणसं फोटोवरून करतात आणि मग प्रदर्शनात माझ्या मॉडेलपुढे वाकून उभी राहतात.

माप घ्यायची टेप म्हणजे माझी शिवणाची कापडी टेप. पोटासारखी गोल गाडी असते, तिला लोखंडी टेप लागत नाही. हिच्या टोकाला पितळेची टोपी आहे, ती सैल झालीय, हलते. तेवढ्या हलण्याने बाही चुकायची, म्हणून मी शून्यापासून मोजणं केव्हाच सोडलं. टेप दहाच्या आकड्यावर धरायची, पलीकडे जे येईल त्यातून दहा वजा करायचे. या घरात सगळ्यांना हे माहीत आहे. यांनासुद्धा माहीत होतं, आणि त्यांना आपला चष्मा कुठे आहे हे माहीत नसायचं.

भावोजींची गाडी हे अठरावं. त्यांनीच मागितलं होतं. म्हणाले, रविवारनंतर गाडी पुन्हा कधी निघेल कुणास ठाऊक, उशाशी ठेवायला एक छोटी करून द्या. या माणसाने एवढ्या वर्षांत माझ्याकडे भाकरीचा दुसरा तुकडासुद्धा मागितला नव्हता. मी लगेच हो म्हटलं, आणि हो म्हणताना रागावल्यासारखं केलं.

ती गाडी दिसायला उर्मट आहे. छप्पर कापून वीतभर खाली आणलेलं, बॉनेट काढून फेकलेलं, इंजिन उघडं, पुढची चाकं लहान, मागची मोठी. कुठे तरी धावून जायच्या बेतात मान खाली घातलेल्या जनावरासारखी. आत एकच बाक. बाकाच्या मागे एक अरुंद पोकळी, तिच्यात लाकडी फळी टाकलेली. सुटकेस मावेल. माणूस मावणार नाही.

३

बाहेरची मापं आम्ही दोघांनी घेतली. भावोजी एक टोक धरायचे, मी दुसरं. ते टेप धरतात आणि बोलतात. तोंड बंद ठेवून टेप धरणं त्यांना जमत नाही. त्या तीन दिवसांत मी कार्ब्युरेटरबद्दल इतकं ऐकलं की चौथ्या दिवशी मलाच एक दुरुस्त करता आला असता.

मंगळवारी आतली मापं घ्यायची होती. मी अकराच्या सुमारास गॅरेजमधे गेले. दार सताड उघडं, ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं, वरचा पत्रा तापून मधूनमधून टक् टक् करत होता. मागच्या खिडकीची काच रबर बदलायला काढलेली होती, तिथे नुसती पट्टीसारखी फट होती. भावोजींचे गुडघे गाडीत शिरायला तयार नसतात, त्यामुळे आमचं ठरलं होतं की मी आत बसायचं आणि त्यांनी मागे उभं राहून त्या फटीतून हात घालायचा.

मी स्टिअरिंगपाशी बसले. वही मांडीवर, पेन्सिल तोंडात. थोड्या वेळाने मागची फळी करकरली. मला वाटलं, आले. मी मान न वळवता टेपचं टोक खांद्यावरून मागे दिलं आणि म्हटलं, "धरा."

टेप ताणली गेली.

मी आकडा वाचला, दहा वजा केले, लिहिलं. म्हटलं, सोडा. सुटली. मग बाकापासून मागच्या भिंतीपर्यंत. धरा. सोडा. मग छपराखालची उंची. धरा, सोडा. काम इतकं सरळ चाललं होतं की मला बरं वाटलं. म्हटलंसुद्धा, आज तोंडाला कुलूप लावलंत ते छान केलंत. मी पेन्सिल चावत पुढचं पान उलटलं.

शेवटच्या मापानंतर टेप गुंडाळताना पितळेची टोपी हाताला लागली. ती कोमट होती. बराच वेळ मुठीत धरलेल्या नाण्यासारखी. बाकी गाडीचा पत्रा सावलीत गार पडला होता. पण माणसाच्या हातात होती म्हणून कोमट, यात मला नवल वाटायचं काही कारण नव्हतं. मी वहीत वार आणि वेळ लिहिली, मंगळवार, अकरा चाळीस, आणि घरात आले. भावोजी व्हरांड्यात खुर्चीत बसले होते, गुळगुळीत चेहऱ्याचे. मी त्यांना काही विचारलं नाही. का विचारावं?

४

नऊ दिवस खपून तळफळी केली. दहाव्या दिवशी कवच त्यावर ठेवलं आणि तो खुळखुळा वाजला.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला. तेवढी मी प्रामाणिक आहे. वही काढली, एकेक भागाकार तपासला. बरोबर. मग फरक मोजला, तो होता साडेबारा मिलिमीटर. लांबीत साडेबारा, उंचीत साडेबारा, जिथे जिथे आतलं माप तिथे तिथे साडेबारा. आठाने गुणलं की दहा सेंटिमीटर. मी मोठ्याने हसले. चोर सापडला होता. ज्याने टेप धरली त्याने दहावर न धरता टोपीला धरून, शून्यावर धरली होती. आणि मी इमानेइतबारे दहा वजा करत बसले होते. चूक माझी नव्हती. हातात वही घेऊन मी भावोजींना बोलावलं.

तिथून ते भांडण सुरू झालं.

ते म्हणाले, धरलीच नव्हती. मी म्हटलं, मग काय टेप हवेत लोंबत होती? ते म्हणाले, तुम्ही एकट्याने घेतली असतील मापं, टोक भिंतीला टेकवलं असेल, आणि सवयीने दहा वजा केले असतील. हे ऐकायला शहाणपणाचं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. कापडी टेप ढकलता येत नाही. तिला कुणी तरी धरावं लागतं, नाही तर ती मान टाकते. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, मग टाचणीने टोचली असेल. मी म्हटलं, मी टाचणी लावली तर दहावर लावीन, झोपेतसुद्धा दहावर लावीन.

तेव्हा सून पडदा सोडून पुढे आली. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही, पण तिची आठवण पक्की असते, हे कबूल करते. ती म्हणाली, आई, त्या मंगळवारी सलूनवाला घरी आला होता. काकांची दाढी आणि केस. अकराला आला, तुम्ही गॅरेजातून परत यायच्या जरा आधी गेला. टॉवेल मीच दिला. भावोजींनी लगेच कान पुढे करून दाखवला. कानामागे वस्तऱ्याचा ओरखडा होता, आता खपली पडत आलेला. "तोंडाला फेस लावून मी गॅरेजात येईन का वहिनी?" ते म्हणाले.

मी वहीकडे बघितलं. मंगळवार, अकरा चाळीस. माझंच अक्षर.

खोलीत काही बदललं नाही. टेबलावर ऊन होतं, बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तो माणूस किक मारत होता. पण माझ्या मानेवर, उजव्या खांद्याच्या वर, जिथून मी टेप मागे दिली होती, तिथे गार वाटायला लागलं. एक तर माझं डोकं गेलं होतं. नाही तर डोकं शाबूत होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

"मग काढलीत कशी मापं?" भावोजींनी विचारलं. आवाज उतरला होता.

मी टेप उचलली आणि त्यांना म्हटलं, आलेच.

५

भरदुपार होती. मी गॅरेजचं दार पूर्ण उघडून दगड लावला. मागच्या खिडकीत काच बसवली होती, नवीन काळ्या रबरात घट्ट. मी गाडीला एक फेरी मारली आणि वाकून त्या काचेतून आत बघितलं. फळी. तिच्यावर एक फडकं. बाकी काही नाही. मी दारातून हात घालून फडकं उचललं, फळीवर हात फिरवला, खालीही चाचपलं. धूळ. एवढीशी जागा, तिच्यात मांजर अंग चोरून बसलं असतं.

मी आत बसले. दार ओढून घेतलं नाही. पाय बाहेर ठेवले होते, मग स्वतःचीच लाज वाटून आत घेतले. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने पळायची तयारी ठेवून बसणं शोभत नाही, आणि पळून जाणार तरी किती.

पत्रा टक् टक् करत होता. मी ते मोजायला लागले, मग मोजणं सोडलं. माझं डोकं माझ्याशी वाद घालत होतं. म्हणत होतं, काही होणार नाही, टेप मान टाकेल, मग तू घरात जाशील आणि डॉक्टरकडे नेतील तेव्हा आरडाओरडा न करता जाशील. मला ते चाललं असतं. खरंच सांगते, त्या वेळी मी मनापासून वेडी ठरायला तयार होते.

मी खांद्यावरून टेप मागे दिली. "धरा," म्हटलं.

काही झालं नाही. टेपचं वजन बोटांना कळत होतं, मागे बाकावरून लोंबणारं. एक श्वास. दोन.

फळी करकरली.

टेप वर उचलली गेली, हळू, आणि ताणली गेली.

मी ओरडले नाही. ओरडायला छातीत हवा लागते. डोळे समोर काचेवर लावले, आणि मग, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून, आकडा वाचला. एकशे बावीस. आमच्या ठरल्याप्रमाणे धरली असती तर एकशे बत्तीस यायला हवे होते. म्हणजे पुन्हा शून्यावरच धरली होती. टोपीला धरून.

आणि काय सांगू, मला राग आला. नऊ दिवस. नऊ दिवस मी मान मोडून काम केलं होतं. बाकाला एकेक टाका हाताने घातला होता, आणि आता सगळं उसवायचं होतं, कारण ज्याने टेप धरली त्याला एवढं साधं माहीत नव्हतं. चाळीस वर्षं शिकाऊ मुलींना ज्या आवाजात सांगितलं, तोच आवाज निघाला.

"शून्यावर नाही," मी म्हटलं. "टोपी हलते तिची. दहावर धरा. या घरात दहावर धरतात."

गॅरेज गप्प झालं. पत्रासुद्धा.

मग टेप माझ्या बोटांतून मागे सरकायला लागली. ओढल्यासारखी नाही. चाचपडत, थांबत थांबत. एखादं माणूस आकडे वाचत वाचत जातं तशी. सात. आठ. थांबली. पुन्हा जराशी. माझ्या अंगठ्याखाली एकशे बत्तीस आले आणि तिथे ती थांबली, आणि मागून तिला एक लहानसा ताण बसला. बरोबर आहे ना, असं विचारणारा.

वरच्या छोट्या आरशात बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलं. बाकाच्या पाठीमागे सावली होती, आणि सावलीच्या कडेला टेपवर दाबून ठेवलेला एक अंगठा. नख स्वच्छ कापलेलं. अंगठ्याखाली टेपचा उरलेला तुकडा लोंबत होता आणि पितळेची टोपी हलत होती. अंगठ्याच्या पुढे मनगट असायला हवं. तिथे सावली होती, आणि ती सावली काचेपर्यंत होती.

मी नजर खाली वहीवर आणली. एकशे बत्तीस वजा दहा, एकशे बावीस. लिहिलं. अक्षर वाकडं आलं, ते अजून वहीत आहे.

मग उरलेली मापंही घेतली. घेतली, कारण अर्धवट काम टाकून मी उठत नाही. दुसऱ्या मापाला सांगावं लागलं नाही. तिसऱ्यालाही नाही. शेवटी म्हटलं, "सोडा." टेप अलगद सुटली. भावोजी सोडतात तेव्हा ती चाबकासारखी हातावर येते, शंभरदा सांगूनही.

मी उतरले. उन्हात आले आणि दाराला लावलेल्या दगडावरच बसले. रडेन असं वाटलं, पण निघालं ते हसू. पदराने तोंड दाबून बसले. माझं डोकं ठीक होतं, माझे हात ठीक होते, माझी वही ठीक होती. आणि तिथे जे होतं, त्याला एकदा सांगितलेलं समजत होतं. कोण, कुठून, केव्हापासून, मी विचारलं नाही आणि आजही विचारणार नाही. मला माझी मापं मिळाली. मदत करायला आलं होतं आणि कुणी नीट सांगितलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. अशी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. त्यांतल्या काहींनी पुढे उत्तम ब्लाउज शिवले.

६

घरात आले तर भांडण माझ्याशिवायच पुढे गेलं होतं. सून भावोजींना म्हणत होती, काका, गाडी विकून टाका, माझ्या अंगावर काटा आला बघा. भावोजी खुर्चीच्या कडेला टेकले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर, मॉडेलच्या दोन तुकड्यांच्या मधे ठेवली होती. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्यांच्या अंगावर नव्हती.

मला बघून ते म्हणाले, "वहिनी, मी विचार केला. तुम्ही खोटं बोलत नाही. मीही बोलत नाही. मग त्या दिवशी टेप कुणी धरली?"

या माणसाला मी तो विशीत असल्यापासून ओळखते. तो भित्रा आहे. अंधाऱ्या जिन्यात अजून गाणं म्हणत चढतो. मी खरं सांगितलं असतं तर त्याने त्या गाडीला पुन्हा हात लावला नसता, अकरा वर्षांचं बांधणं आणि नऊ वर्षांचं थांबणं त्या पोकळीत गेलं असतं, आणि उशाशी ठेवायला मी केलेलं ते लाल खेळणं उरलं असतं. मी खरं सांगितलं असतं तर मी जिंकलेही असते. आयुष्यात एवढी बरोबर मी कधीच नव्हते, आणि पुराव्याची वही माझ्या हातात होती.

मी वही मिटली. किल्ली उचलली, त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. मग जे बोलले ते या घरात माझ्या तोंडून कुणी आजवर ऐकलेलं नव्हतं. सुनेच्या हातातला कप बशीवर वाजला. भावोजींचे खांदे खाली आले, मग इतका मोठा श्वास सुटला की टेबलावरची पॉलिशची पूड उडाली, आणि भांडण संपलं.

"चूक माझीच होती भावोजी," मी म्हटलं, "रविवारी तुम्ही समोर बघून गाडी चालवा, मागे बघायला मी आहे."